निपाणीच्या अलीकडं

"हवा सोडा दोन्ही सायकलींची. मग बघू जेवल्याबिगर कशा जात्यात."

स्वयंपाकघरातून आवाज आला आणि पाठोपाठ दाबलेलं हसू. मी पुढच्या सोप्यात, पंख्याखाली चटईवर पडले होते. डोळ्यांवर ओला टॉवेल होता, म्हणून मला झोप लागलीय असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. बोलत होत्या त्या आक्का, माझ्या आत्तीची मावसबहीण. त्यांच्या घरात आम्ही दोघी थोड्या वेळापूर्वीच 'फक्त पाणी प्यायला' शिरलो होतो. हुकूम सुटला होता तो त्यांच्या यजमानांना, अण्णांना.

अण्णांनी जरा कुरकुर केली. "अगं, पावण्यांच्या सायकली त्या."

"पावण्यांच्याच सोडायच्या असत्यात. शेजाऱ्याच्या सोडून काय मिळणार हाय?"

चपला ओढत अण्णा अंगणाकडे गेले.

आमच्या भागात पाहुण्याला थांबवून घ्यायची ही जुनी रीत आहे. चपला लपवायच्या, पिशवी धान्याच्या डब्यामागं सारायची, गाडीची किल्ली देवघरात नेऊन ठेवायची. खानापूरला आजोळी एकदा बाबांचा एक बूट दुसऱ्या दिवसापर्यंत सापडला नव्हता, आणि बाबा रागावण्याऐवजी खूश होते. ज्या जावयाचे बूट कुणी लपवत नाही त्याला सासुरवाडीत काय मान? तेव्हा आक्कांच्या मनात निव्वळ माया होती, हे मला कळत होतं. फक्त लपवलेला बूट सापडला की जसाच्या तसा पायात घालता येतो. सायकलचं तसं नसतं.

मी उठून "अण्णा, नको" म्हणायला हवं होतं. वाक्य मनात तयारही झालं. पण माझी वाक्यं तयार होतात तोवर त्यांची वेळ निघून गेलेली असते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, रस्त्यावर कन्नड. कुठं काय बोलायचं याचा विचार करता करता मी न बोलण्यातच तरबेज झाले. नातेवाईक मला 'शांत' म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणतात. त्यात एकच अडचण आहे. माझं गप्प बसणं म्हणजे 'हो', असं आमच्याकडं सगळे धरून चालतात. ड्रेसचा रंग, कॉलेजची शाखा असं बरंच काही याच हिशेबानं ठरत आलंय.

त्या दिवशी मात्र मला निपाणीला सायकलवरूनच पोचायचं होतं. तशी बाबांची अट होती.

आत्ती ही बाबांची मोठी बहीण. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर हिनं थेट सायकल घेतली. सलवारीचे पाय कपड्यांच्या चिमट्यांनी आवळायचे, ओढणी डोक्याला गुंडाळून वर हेल्मेट घालायचं, आणि बेळगावात आमच्या अनगोळच्या गल्ल्यांतून ओळखीच्या प्रत्येक दारापुढं घंटी वाजवत निघायचं. मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. ताप गेला तरी अशक्तपणा जाईना, आणि अशक्तपणा गेला तरी घरच्यांची काळजी जाईना. मी भाजीची पिशवी उचलली की कुणीतरी धावत येऊन ती काढून घ्यायचं. तेव्हा आत्तीनं मला सायकलवर बसवलं. आधी किल्ल्यापर्यंत, मग काकतीपर्यंत, मग तिला हवं तिथवर. आणि मे महिन्यात एका रविवारी तिनं जाहीर केलं, की निपाणीच्या तिच्या चार मैत्रिणी सायकलनं फोंडा घाटातून मालवणला निघाल्या आहेत, आणि आम्ही दोघी त्यांना आदल्या संध्याकाळी निपाणीत गाठणार आहोत.

बाबा वकील. त्यांनी नाही म्हटलं नाही, अट घातली. "निपाणीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेलीस तर पुढं जा. मध्येच गाडीत बसावं लागलं, तर अजून अंगात ताकद आली नाही असं समजायचं आणि निपाणीतूनच बसनं परत यायचं."

"हे बघ, तुझं कोर्ट कोर्टात ठेव," आत्ती म्हणाली.

पण मला अट पटली होती. मलाही तेच बघायचं होतं. सगळ्यांनी इतके महिने मला उचलून इकडून तिकडं ठेवलं होतं, की माझे पाय मला कुठवर नेतात ते मलाच माहीत नव्हतं.

अंधार असतानाच आम्ही निघालो. काकतीच्या पुढं चहाला थांबलो आणि तिथं आत्तीनं चूक केली. दोन्ही सायकली एका पाटीला टेकवून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. वर लिहिलं, 'निघालो निपाणीला!' तिला चार लोकांचं कौतुक हवं होतं. ते मिळालंच. पण बेळगाव ते निपाणी या रस्त्यावर आमचं माणूस नाही असं गाव कुठलं? वंटमुरीच्या घाटापर्यंत तिचा फोन वाजत राहिला. एका काकूंनी उप्पीट टाकलं होतं. एका मामांनी, आमच्या गावावरून जाऊन घरात पाऊल टाकलं नाहीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं प्रेमानं सांगितलं. आत्ती प्रत्येकाला "येताना, येताना" म्हणत होती. आम्ही मालवणहून वेगळ्याच रस्त्यानं येणार होतो, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

घाटात ती उतरून चालायला लागली. "इथनं बघ गं, कसं सुंदर दिसतंय," असं ती वळणावळणावर म्हणे. दिसत होती ती वाळलेली टेकडी आणि चढणारे ट्रक. मी टेकडी बघत राहिले, म्हणजे तिला दम खाता येईल.

हत्तरगीच्या पुढं ऊन चढलं. रस्ता रुंद झाल्यापासून कडेची झाडं गेली आहेत आणि सावली उरली आहे ती उड्डाणपुलांची. त्या दिवशी मला कळलं, की मे महिन्यात प्रत्येक पुलाखाली एक छोटं गाव वसतं. शेळ्या बसलेल्या असतात, कलिंगडवाला हातगाडी लावतो, बसची वाट बघणाऱ्या बायका पदरानं वारा घेतात. आम्ही पूल ते पूल अशी सायकल मारत होतो. दोन पुलांच्या मधे अंगावर येणारा वारासुद्धा तापलेला, ट्रकनं वाटेत टाकलेला. बाटलीतलं पाणी चहासारखं लागत होतं. ब्रेकची कांडी बोटांना चटका देत होती. पण माझे पाय चालत होते. मी दर थोड्या वेळानं त्यांच्याकडं खाली बघत होते, दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे.

एका पुलाखाली एका म्हातारीनं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दोघीच? गडीमाणूस न्हाई व्हय संगं?"

"हाय की," आत्ती बेळगावी सुरात म्हणाली. "घरात भांडी घासतोय."

म्हातारी इतकी हसली की तिच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. आत्तीच्या यजमानांना, ज्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात, हे अजून माहीत नाही.

संकेश्वरच्या अलीकडं, महामार्गाच्या कडेला, एक माणूस मोटरसायकल लावून उघडी छत्री घेऊन उभा दिसला. ते अण्णा होते.

"स्टेटस बघून आलोय," ते म्हणाले. "मघाधरनं उभा हाय. आक्कानं सांगितलंय, त्यास्नी घेतल्याबिगर घरला येऊ नका."

उन्हात छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला 'येताना' कसं म्हणणार? आम्ही त्यांच्या मोटरसायकलमागून गावात शिरलो. दारातच गुळाचा खडा आणि तांब्या पुढं आला. आक्कांनी माझा लाल चेहरा बघितला, "अगं बया, पोर शिजली की!" म्हणाल्या आणि ओला टॉवेल देऊन मला आडवं केलं. आत्ती मागं न्हाणीत पायांवर पाणी घ्यायला गेली. आणि मग स्वयंपाकघरातून ते हवेचं वाक्य आलं.

म्हणून मी टॉवेलखाली पडून हिशेब करत होते. माझ्याकडं पंप होता. दोन्ही सायकलींमध्ये हवा भरणं सोपं होतं. जेवण होईल, ऊन उतरेल, मग घाट. संकेश्वरच्या पुढं तवंदीचा घाट तेवढा राहिला होता. तो चढला की खाली निपाणी. अंधाराच्या आत सहज होईल. मी टॉवेल काढला नाही.

जेवणाबद्दल मला तक्रार करता येणार नाही. हातावरच्या शेवया आणि आंब्याचा रस. रस पातेल्यातून नाही, तर कळशीतून वाढत होते असं मला वाटलं. त्याआधी भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दह्यात बुडवलेली सांडगी मिरची.

"हिला वाढ गं, ही मागून घेणार न्हाई," आत्ती म्हणाली.

"मागायचं कशाला? मला दिसतंय की पोरीच्या डोळ्यात," आक्का म्हणाल्या आणि माझी वाटी पुन्हा भरली. माझ्या डोळ्यात तेव्हा तवंदीचा घाट होता.

अण्णा जेवताना माझ्याकडं बघत नव्हते. त्यावरून काहीतरी बिघडलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ऊन जरा कलल्यावर आम्ही अंगणात आलो. चारी चाकं जमिनीवर बसली होती.

"हे काय?" आत्ती म्हणाली.

"हवा गेली असंल," अण्णा म्हणाले. "उन्हानं."

"चारी चाकांची?"

"ऊन लई हाय की."

आत्तीनं आक्कांकडं बघितलं. आक्कांनी वाळत घातलेल्या मिरच्यांकडं बघितलं. मग दोघी एकदमच हसायला लागल्या आणि हसता हसता पायरीवर बसल्या. बसताना आत्तीनं उजवा पाय सरळ ठेवला आणि त्यावर ओढणी ओढून घेतली. मी तिथंच उभी होते. ओढणी येण्याआधी मला दिसलं, की तिचे दोन गुडघे आता एकसारखे नव्हते.

तिच्या दोन्ही आणि माझ्या मागच्या चाकात हवा भरली. माझ्या पुढच्या चाकात मात्र भरलेली हवा फुस्स करून बाहेर यायची. माझ्या सायकलच्या ट्यूबचं हवा भरायचं तोंड बारीक असतं, टोकाला नाजूक सळई. अण्णांनी आयुष्यात असलं तोंड बघितलं नव्हतं. हवा सुटेना म्हणून त्यांनी पक्कड लावली होती. सळई वाकडी झाली होती.

"जरा दाबलो, एवढंच," ते हळूच म्हणाले. "सुईएवढी ती. सायकल हाय का शिलाई मशीन?"

आक्का हसायच्या थांबल्या. "तुम्हांस्नी हवा सोडा म्हटलं होतं, सायकल मोडा म्हटलं नव्हतं."

"तूच म्हटलीस नव्हं?"

"मी म्हटलं म्हणून पक्कड?"

पुढं कोकणात, मुक्कामाच्या प्रत्येक घरात आत्तीनं हा प्रसंग दोघांचे आवाज काढून सांगितला, आणि दर वेळी पक्कड मोठी होत गेली. अंगणात मात्र अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. पाहुण्याला थांबवणं वेगळं आणि पाहुण्याचं वाहन मोडणं वेगळं. मला त्यांना सांगायचं होतं, की माझ्या पिशवीत जादा ट्यूब आहे, काही बिघडलेलं नाही. सांगण्यापेक्षा मी पिशवी उघडली, सायकल उलटी केली आणि चाक काढायला घेतलं.

ही माझी नेहमीची पळवाट आहे. बोलायला लागू नये म्हणून मी कामाला लागते. पण हात चालू असले की इतर लोक ठरवायला मोकळे होतात. मी टायरच्या कडेखाली पट्टी घालत होते तोवर अण्णा फोनवर होते.

"टेम्पो येतोय," त्यांनी येऊन सांगितलं. चूक भरून काढायला मिळाल्यामुळं त्यांचा आवाज परत आला होता. "पलीकडच्या गल्लीतला हाय. मिरचीची पोती घेऊन निपाणीलाच निघालाय. सायकली वर टाकू, तुम्ही दोघी पुढं बसा. घाट चढायचा न्हाई काय न्हाई."

मी आत्तीकडं बघितलं. ती आता 'येताना, येताना' म्हणेल, काहीतरी थट्टा करेल आणि आम्ही सुटू, असं मला वाटलं. सकाळपासून तिनं सगळ्यांना असंच टोलवलं होतं.

आत्ती म्हणाली, "बरं झालं बाई. माझं काय, मी गेले असते रडतखडत. पण ह्या पोरीला ऊन लागलंय. हिच्या बाबाला मी काय तोंड दाखवू?"

"व्हय की, आजारातनं उठलेली पोर," आक्का म्हणाल्या.

मला ऊन लागलं नव्हतं. जेवून, पडून मी ताजी झाले होते. आत्तीलाही ते दिसत होतं. पण स्वतःच्या गुडघ्यासाठी गाडी मागणं तिला जमणार नव्हतं. साठीच्या वयात सायकल घेतल्यापासून निम्मं अनगोळ तिच्या गुडघ्यांवर डोळा ठेवून होतं. तिला एक कारण हवं होतं, आणि मी तिथंच होते. आजारातून उठलेली, शांत, नाही न म्हणणारी. मला राग आला नाही. माझ्यासाठी तिनं बाबांशी इतक्या वेळा भांडण काढलं होतं, की तिला माझ्या आड एकदा लपावंसं वाटलं तर ते मला चालणार होतं. पण मी टेम्पोत बसले असते, तर उद्या पहाटे त्या पाच जणी फोंडा घाटाकडं निघाल्या असत्या आणि मी बसस्टँडवर.

आत्तीच्याही ते लक्षात आलं असावं. ती लंगडत माझ्याजवळ आली आणि चाक धरण्याचं निमित्त करून खाली वाकली.

"तू काळजी करू नकोस गं," ती कुजबुजली. "बाबाला मी सांगते, सायकलनंच आलो म्हणून. तो काय निपाणीला चाकं तपासायला येणार आहे? उद्या आपण फोंड्याच्या वाटेला."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला रबराचा वास होता आणि आंब्याचाही.

मी ट्यूब आत बसवत राहिले. आता मला सगळंच मिळत होतं. घाट नाही, ऊन नाही, आणि मालवणही. गप्प बसायचं तेवढं काम होतं. ते काम मला सगळ्यात चांगलं येतं. तरी पंप मारताना मला राहून राहून वाटत होतं, की पुढं समुद्रावर उभं राहूनही मला तेच माहीत नसेल जे घरातून निघताना माहीत नव्हतं. बाबांना काय कळतं हा प्रश्नच नव्हता. मला काय कळणार हा होता.

टायर टणक झाला. मी सायकल सुलटी केली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वाजला.

मग सगळं भराभर व्हायला लागलं, आपल्याकडं पाहुण्याला निरोप देताना होतं तसं. आक्कांनी शेवयांची पुडी माझ्या पिशवीत कोंबली, वर मिरचीची. कपाळाला कुंकू लावलं. अण्णा आणि टेम्पोवाल्यानं आत्तीची सायकल पोत्यांवर चढवली. आत्ती पुढच्या सीटकडं गेली. आधी डावा पाय, मग दाराला धरून दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

"चल गं बाई, सरकून बसते," ती आतून म्हणाली.

अण्णा माझ्या सायकलकडं आले. त्यांनी हँडल धरलं, टेम्पोवाल्यानं मागचं चाक, आणि सायकल जमिनीवरून उचलली गेली.

"नको," मी म्हणाले.

इंजिन चालू होतं. कुणालाच ऐकू गेलं नाही. आक्का मला पाठीवर हात ठेवून टेम्पोकडं ढकलत होत्या, तशाच मायेनं जशी त्यांनी माझी वाटी भरली होती. दुसरं वाक्य तयार व्हायला लागलं, आधी इंग्रजीत, मग कुठल्याच भाषेत नाही. ते पूर्ण व्हायची मी वाट बघितली नाही. मी सीट दोन्ही हातांनी धरली आणि खाली दाबली. सायकल अण्णांच्या हातात अडकली. त्यांनी चकित होऊन माझ्याकडं बघितलं. आत्तीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं गं?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा आला.

"आत्ती, तुझा गुडघा सुजलाय, मी बघितलंय. तू टेम्पोतनं पुढं जा. मला ऊन लागलेलं नाही, मी सायकलवरनं येते. घाटात माझ्यासाठी थांबायचं नाही, आणि बाबांना फोन करशील तेव्हा कोण कशानं आलं ते खरं सांगायचं."